कालविपर्यास की कालविसंगती?

भाचीला ‘ज्युलियस सीझर’ नाटकात इतिहास कितपत खरा आहे, यावर दोन निबंध लिहायचे आहेत. मसुद्यात तिनं नाटक आणि इतिहासातल्या प्रत्येक फरकाला ‘कालविपर्यास’ (अ‍ॅनाक्रोनिझम, म्हणजे भलत्या काळातली गोष्ट शिरणं) म्हटलंय. मला शब्द खटकतो. ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला’ म्हटलं की मुद्दाम केलेली मोडतोड डोळ्यांसमोर येते. शेक्सपिअरवर उगाच आळ. ‘कालविसंगती’ बरा नाही का?

— विपर्यास म्हणजे मुळात उलटापालट. हेतूचा वास पुढाऱ्यांच्या खुलाशांमुळे चिकटला. ‘कालविपर्यास’ रूढ आहे, राहू द्या. दुसऱ्या अंकात रात्री कट शिजतोय आणि घड्याळ तीनचे ठोके देतं! रोमनांकडे पाणघड्याळं होती, ठोक्यांची नव्हती. हा अस्सल कालविपर्यास.

— आणि मराठीत आणताना ‘तिसरा प्रहर’ करू नका हो, कटवाले दुपारच्या चहाला जमलेत असं वाटेल.

— शब्दापेक्षा वापर चुकतोय. घड्याळ, कटवाल्या कास्काच्या तोंडी सीझरचा डब्लेट (शेक्सपिअरच्या काळातला अंगरखा), ब्रूटसनं पुस्तकाचं दुमडलेलं पान (रोमन वाचायचे गुंडाळ्या) या वस्तू भलत्या काळातल्या. पण सीझरचा प्रतिस्पर्धी पाँपी याच्या मुलांवरच्या विजयाची मिरवणूक इ.स.पू. ४५च्या ऑक्टोबरातली, लुपरकालियाचा सण ४४च्या फेब्रुवारीतला. नाटकात दोन्ही एकाच दिवशी. ब्रूटसचा शेवट झाला त्या फिलिपीच्या दोन लढायांत जवळपास तीन आठवडे गेले, रंगमंचावर एकाच दिवसात आटोपतं. इथे भलतं काही शिरलेलं नाही, काळ आवळलाय. ‘कालसंक्षेप’ म्हणा. ही चूक नव्हे, नाटककाराची सोय. दोन निबंधांची विभागणीही इथेच होते.

— मग खुनाची जागा? सीझर मारला गेला पाँपीच्या सभागृहात, नाटकात कॅपिटॉल टेकडीवर.

— काळ हललाच नाही, तर ‘काल’ कशाला जोडायचा? सरळ ‘स्थळबदल’.

— (मूळ प्रश्नकर्ती) पटलं. वस्तूंपुरता ‘कालविपर्यास’ ठेवते, माझी हरकत मागे. आता भाचीचा नवा प्रश्न : नाटकात मरताना सीझर लॅटिनमध्ये म्हणतो ते ‘एत तू, ब्रूते?’ (तूही, ब्रूटस?) कुठे बसवायचं? रोमन चरित्रकार स्वेटोनियस म्हणतो, सीझर मुकाट मेला. पण काहींच्या मते ब्रूटसला ग्रीकमध्ये ‘तूही, मुला?’ म्हणाला.

— ‘आख्यायिका’. ‘दंतकथा’ लिहू नका, त्यात खोटेपणा आधीच ठरवलेला असतो. स्वेटोनियसनं तो ठरवलेला नाही.