'उत्कृष्टतेचा पाठलाग' हे मराठी आहे का?

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका स्पोर्ट्सच्या सामानाच्या शोरूममध्ये कामाला आहे, कंपनीचं नाव विचारू नका, पोटापाण्याचा प्रश्न आहे. मागच्या आठवड्यात हेड ऑफिसहून स्टाफरूममध्ये लावायला बोर्ड आला, मोठ्या अक्षरात "उत्कृष्टतेचा पाठलाग करणारे कर्मचारी, कर्मचाऱ्यांची वाढ करणारी कंपनी". गोडाऊनच्या मामांनी चष्मा पुसून वाचलं आणि विचारलं, "काय चोरीला गेलंय बे?" तेव्हापासून कुणी स्टॉक रूमकडं पळत निघालं की "पाठलाग करूलालाय" म्हणून सगळे खिदळतात. शेवटी मॅनेजर म्हणले तुला मराठीचं लई कळतं ना, मग सोमवारपर्यंत नीट ओळ करून दे, पण पाच शब्दांच्या वर नको, फ्लेक्स तेवढाच आहे. आता मला खटकतंय हे नक्की पण नेमकं काय ते सांगता येईना. आणि उत्कृष्टता हा शब्द आपण बोलताना कधी वापरतो का हो?

निवृत्त मास्तर
बोलताना नाही वापरत, प्रमाणपत्रावर वापरतो. पण शब्द बिचारा निर्दोष आहे. उत् + कृष्. कृष् म्हणजे ओढणे, नांगर ओढणेसुद्धा, म्हणून कृषी. वर ओढलेलं ते उत्कृष्ट, खाली ओढलेलं निकृष्ट, आणि आपल्याकडे ओढून घेतं ते आकर्षण. उत्कर्षही याच घरातला. म्हणजे तुमचं हेड ऑफिस एक्सलन्स आणि ग्रोथ अशा दोन वस्तू सांगतंय, त्या आपल्याकडे उत्कृष्टता आणि उत्कर्ष, एकाच धातूची सख्खी भावंडं. (संघर्ष मात्र यांच्यातला नाही, तो घृष् म्हणजे घासणे, घर्षणवाला. पोरं पेपरात हमखास चुकायची.)
गोम पाठलागात आहे. पाठलागात पुढचा पळत असतो आणि त्याला सुटायचं असतं. उत्कृष्ट या शब्दात कुणी पळतच नाही, कुणीतरी वर ओढतंय.

पार्क चौक
मास्तर माफ करा पण मला पाठलाग चालतोय. कंपनी स्पोर्ट्सची आहे, पेपरात रोज "२८० धावांचा यशस्वी पाठलाग" छापून येतं तेव्हा कुणी पोलीस बोलवत नाही. खेळाच्या मराठीत पाठलाग चांगल्या अर्थानं रुळलाय, उगाच शुद्धलेखनवाल्यांसारखं करू नका.

निवृत्त मास्तर
मुद्दा रास्त. पण धावांच्या पाठलागाला आकडा असतो, २८१ झाल्या की पॅड सोडून आत. उत्कृष्टतेचा आकडा काय लावणार? आणि आपल्या सोलापुरात जन्मलेले पॉली उमरीगर घ्या, १९५५ ला हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ काढल्या, भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक. त्या डावात पाठलाग कुणाचा? पहिली बॅटिंग आपलीच होती.

पार्क चौक
बरं, एक विकेट तुमची. पाच शब्दांवरून आठवलं, अ‍ॅसिक्स हे नाव म्हणजे पाच लॅटिन शब्दांची पहिली अक्षरं आहेत, अनिमा साना इन कॉर्पोरे सानो, निरोगी शरीरात निरोगी मन. १९४९ ला जपानात कोबेमध्ये सुरू झालेली बुटांची कंपनी, नाव लॅटिन, आणि पाच शब्दांत काम भागवलं. तुला पण जमेल.

बाळीवेस ताई
पाठलागच्या जागी काय येतं ते बघू ना. पाठपुरावा नको, पाठपुरावा महापालिकेत केलेल्या अर्जाचा असतो. पिच्छा पुरवणं त्रासदायक. मागे लागणं तर पोराच्या अभ्यासाच्या किंवा वसुलीच्या. ध्यास चांगला, पण ध्यास ज्याचा त्याला लागतो, बोर्डावर लिहून लागत नाही, आणि "उत्कृष्टतेचा ध्यास" इतक्या शाळांच्या भिंतींवर आहे की आता नजर त्यावरून घसरते. मला विचाराल तर उत्कृष्टताच काढा. कामात हुशार माणसाला आपण काय म्हणतो? हात बसलाय. हाताला सफाई आहे. हातखंडा आहे. मराठीत ही सगळी हुशारी हातात आहे बघा, डोक्यात नाही.

शेंगाचटणी
ताई अगदी पटलं, कारण आमच्याकडं तसं एक उदाहरणच आहे. गटिंगच्या, म्हणजे रॅकेटला तारा बसवायच्या काउंटरवर एक पोरगा आहे, घर पूर्व भागात, आजोबांपासून मागावरचं काम, घरात तेलुगू. बॅडमिंटनची रॅकेट मशिनवर आवळली की आधी उभ्या तारा ओढायच्या, मग आडवी तार एकीच्या वरून एकीच्या खालून अशी सरकवत न्यायची, एक जरी चुकली तरी मागं येऊन परत. आला तेव्हा एका रॅकेटला दोन दोन तास लागायचे आणि पहिल्या आठवड्यात तीन गट, म्हणजे तारा, तुटले त्याच्याकडून. मग एक दिवस स्वतःशीच म्हणला, "हे तर ताणा-बाणा आहे की." उभ्या तारांना ताणा म्हणायला लागला आणि आडव्यांना बाणा, आणि त्यानंतर हात असा काही बसला की आता बोलत बोलत अर्ध्या तासात रॅकेट देतो, बोटानं तार छेडून आवाजावरनं सांगतो की चोवीस पौंडाला आहे का ढिली पडलीय. गिऱ्हाईकाला टेन्शन किती असं न विचारता "ताण किती ठेवू" विचारतो, कोरा मराठी शब्द, कुणी शिकवला नाही. आणि गट म्हणजे मुळात जनावराचं आतडं बरं का, आता बहुतेक नायलॉन आहे पण नाव तेच राहिलं.
आता त्याचं अप्रेजल. फॉर्ममध्ये उत्कृष्टतेच्या रकान्यात बूट किती विकले, मेंबरशिप किती काढल्या एवढंच. गटिंगला रकानाच नाही. पोराला पाचातले अडीच. यात उत्कृष्टता कुठं पळाली आणि कुणी पाठलाग करायचा सांगा.

निवृत्त मास्तर
वा. ताण, ताणणे, ताणा सगळे तन् म्हणजे पसरवणे, लांबवणे या धातूचे. पोरगा व्युत्पत्ती जगतोय.

बाळीवेस ताई
'वाढ' राहिलीच की. "कर्मचाऱ्यांची वाढ" म्हणजे मला तरी भरती वाटली. नाहीतर पोट. पगारवाढ बरोबर, झाडाची वाढ, मुलाची वाढ बरोबर, पण नोकरीतल्या माणसाला बढती मिळते, तो पुढे जातो, वरच्या जागेवर जातो. नुसतं "वर गेला" लिहू नका हां, हार आणावा लागेल.

पार्क चौक
😂😂 आणि वाढवणे तर त्याहून खतरनाक. नारळ वाढवतात, बांगडी वाढते म्हणजे फुटते, अशुभ बोलायचं नाही म्हणून उलटं बोलायचं. आमचे आजोबा नवी पेठेत रात्री शटर ओढताना "चला, दुकान वाढवा" म्हणायचे, म्हणजे बंद करा. तुमच्या कंपनीनं "व्यवसाय वाढवूया" लिहिलं असतं तर आजोबांनी कुलूप आणून दिलं असतं.

निवृत्त मास्तर
पदोन्नती घ्यायची म्हटलं तर तीही सांगून ठेवतो. उन्नती म्हणजे उत् + नम्, आणि नम् म्हणजे वाकणे, तोच नमस्कारातला. प्रमोशनला वाकावं लागतं हे व्याकरणाला आधीच माहीत होतं. माझ्या मते ट्रेनिंगपासून सगळ्याला पुरेल असा एक शब्द आपल्याकडे आहे, तालीम. अरबीत शिकवणे, नाटकात सराव, आणि आपल्याकडे पैलवानाची जागा. खेळाच्या कंपनीला याहून काय पाहिजे?

शेंगाचटणी
सोमवारचा रिपोर्ट. मॅनेजरपुढं चार ओळी ठेवल्या. "उत्कर्ष आपला, उत्कर्ष कंपनीचा" बाद, कारण उत्कर्ष त्यांच्या पोराचं नाव निघालं, म्हणे लोक काय बोलतील. "दाखवा हाताची सफाई" याला सिक्युरिटीवाल्यानंच हरकत घेतली, गेल्या महिन्यात ट्रायल रूममधनं दोन टी-शर्ट गेलेत. "रोजची तालीम" बघून म्हणले लोकांना वाटेल इथं कुस्ती शिकवतात. शेवटी ताईंच्या लाईनवर केलेली "हात बसू द्या, पुढे चला" पास झाली, मोजून पाच शब्द, पण हेड ऑफिसची परवानगी लागते म्हणून मेल गेलाय आणि तोवर पाठलाग भिंतीवरच आहे. खाली कुणीतरी पेनानं लिहिलंय "सापडली का?"
एक काम मात्र झालं. अप्रेजलच्या फॉर्ममध्ये गटिंगचा रकाना घालू म्हणले, पोराचं पदनाम पण बदलू, आता तो सेल्स असोसिएट आहे. पदनाम मराठीत पाहिजे आणि ते परत माझ्याच गळ्यात पडलंय. गटिंगवाला लिहिलं तर हलकं वाटतं, तंत्रज्ञ म्हणलं तर फ्रिज दुरुस्तीवाला वाटतो. त्याला विचारलं तर म्हणला विणकर लिहा की, आजोबांच्या ओळखपत्रावर तेच आहे. चालेल का?