रविवारचा हॉट योगा : नावे देण्यापूर्वी

सोसायटीचा ग्रुप, शुक्रवार, रात्री ८.४०

मेधा (बी-६०३) : नमस्कार. रविवारच्या हॉट योगाच्या मोफत चाचणी वर्गाची यादी मी आत्ता पाहिली आणि तिच्यात चौथ्या क्रमांकावर निखिलचे व पाचव्या क्रमांकावर आमच्या आईंचे नाव पाहून मला धक्का बसला. आई ६४ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घेतात आणि गेल्या मे महिन्यात लिफ्ट बंद पडली तेव्हा जिन्यात त्यांचे काय झाले होते, ते या ग्रुपवर सर्वांना ठाऊक आहे. निखिलने तर कित्येक वर्षांत कसलाच व्यायाम केलेला नाही. नावे घरी न विचारता घेतली गेली त्याबद्दल मी नंतर बोलेन. आत्ता मला एवढेच विचारायचे आहे की, ज्याने साधी योगासनेही कधी केलेली नाहीत त्याने थेट ४० अंशांच्या बंद खोलीत जाऊन सुरुवात करावी का?

पराग, सचिव (सी-२०१) : मेधाताई, गैरसमज नको. कमिटीने कोणाचेही नाव परस्पर घातलेले नाही. काकूंनी गेटपाशी मला थांबवून स्वतः दोन्ही नावे सांगितली. स्टुडिओने किमान १० जण असतील तरच आपल्यासाठी वेगळा वर्ग ठेवू असे कळवले आहे. सर्वांच्या माहितीसाठी पुन्हा देत आहे : रविवार, सकाळी ७, मोठा टॉवेल आणि पाणी स्वतःचे आणावे, नावे शनिवारी रात्री ८ पर्यंत. आतापर्यंत ८ नावे आली आहेत.

लेले काका (ए-१०४) : मी नोटीस लागली त्या दिवशीच लिहिले होते आणि आज पुन्हा लिहितो की हा आपला योग नाही. सानेबाई गेली ११ वर्षे एक पैसा न घेता क्लबहाऊसमध्ये वर्ग घेत आहेत. तेथे १४ सतरंज्या घातल्या जातात आणि त्यांतल्या निम्म्या रिकाम्या असतात. त्या वर्गाची नोटीस कमिटीने शेवटची कधी लावली होती, हे सचिवांनी कृपया सांगावे.

पराग, सचिव (सी-२०१) : काका, सानेबाईंबद्दल कमिटीला आदर आहे. झुंबाच्या वेळचा वाद पुन्हा उकरून काढू नये, ही विनंती.

लेले काका (ए-१०४) : झुंबाचा मी उल्लेखही केलेला नाही. तो तुम्ही केला.

रेवा (सी-८०४) : लेले काका, आदर ठेवून सांगते की हा प्रकार आपला नाही असे म्हणता येणार नाही. ज्या बिक्रम चौधरींनी तो जगभर नेला ते मूळचे कोलकात्याचे, तेथील योगगुरू बिष्णू चरण घोष यांचे शिष्य. १९७० च्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि २६ आसने व २ श्वसनप्रकार यांचा एक ठरलेला क्रम त्यांनी ९० मिनिटांत, साधारण ४० अंश तापमानात आणि ४० टक्के आर्द्रतेत शिकवायला सुरुवात केली. अर्धचंद्रासन, उत्कटासन, गरुडासन, शेवटी कपालभाती, यांत परके काय आहे? मी आठ महिने आठवड्यातून तीनदा जाते. माझी पाठ मोकळी झाली आहे आणि झोप सुधारली आहे.

लेले काका (ए-१०४) : त्याच गृहस्थांवर अमेरिकेत लैंगिक छळाचे दावे झाले आणि २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्यांना स्वतःच्याच माजी कायदा सल्लागार महिलेला लक्षावधी डॉलरची भरपाई द्यायला लावली, तेही लिहावे.

रेवा (सी-८०४) : ते खरे आहे आणि मी त्याचे समर्थन कधीही करणार नाही. त्यामुळेच अनेक स्टुडिओंनी ते नाव टाकून नुसते ‘हॉट योगा’ म्हणायला सुरुवात केली. आसनांच्या क्रमावर त्यांचा मालकी हक्क नाही, असा निकालही अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे. त्याचा दुसरा परिणाम असा की आज कोणीही हीटर लावून वर्ग उघडू शकतो. म्हणून समोर शिकवणारा कोण आहे, हे मात्र पाहिलेच पाहिजे.

गजभिये काका (बी-९०१) : आमच्या नागपूरकरांना ४० अंशांचे पैसे भरावे लागतात हे ऐकून गंमत वाटली. मे महिन्यात आमच्या घराच्या गच्चीवर या, ४५ अंश फुकट देतो. पण एक गोष्ट मनापासून सांगतो. नागपूरच्या उन्हात घाम आल्याआल्या वाळतो आणि अंगाला जरा बरे वाटते. येथे ठाण्यात ३४ अंशांनाच शर्ट पिळावा लागतो आणि तरीही जीव कासावीस होतो. बंद खोलीत तर मुद्दाम दमटपणा करतात म्हणे.

डॉ. वैशाली (ए-५०२) : गजभिये काका, तुम्ही नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवलेत. अंगावरचा घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. नुसता निथळून सतरंजीवर पडलेला घाम शरीराला थंड करत नाही. दमट खोलीत घाम भरपूर दिसतो, माणसाला वाटते की व्यायाम छान होत आहे, आणि आत मात्र शरीराचे तापमान चढत राहते. त्याच वेळी त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि वाकून हात पायाला लावलेला माणूस एकदम सरळ उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. निरोगी, सवय असलेल्या माणसाचे शरीर हे सांभाळून घेते. अशी सवय लागायला रोज थोडा थोडा वेळ उष्णतेत घालवून एक ते दोन आठवडे जावे लागतात. पहिल्याच रविवारी ९० मिनिटे करणाऱ्याला तो अवधीच मिळालेला नसतो.

मेधा, आईंबद्दल स्पष्ट सांगते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, आणि उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला नेमकी याच दोन गोष्टींची गरज असते : अंगात पुरेसे पाणी आणि वेगाने धडधडू शकणारे हृदय. त्यांची कोणती गोळी आहे ते मी ग्रुपवर विचारणार नाही, पण त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी जाऊ नये. गरोदर स्त्रिया, हृदयाचा त्रास असलेले आणि पूर्वी कधी ऊन लागून आजारी पडलेले यांनी तर जाऊच नये.

ए-७०१ : डॉक्टर, पण घामावाटे शरीरातील विषारी द्रव्ये निघून जातात ना? स्टुडिओच्या पत्रकात तसे ठळक अक्षरांत छापले आहे.

डॉ. वैशाली (ए-५०२) : ते काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असते. वर्गानंतर वजनकाटा एखादा किलो कमी दाखवतो तेही पाणीच असते आणि संध्याकाळपर्यंत ते भरून येते. आणखी एक गोष्ट मी सर्वांना मुद्दाम सांगते. २०१८ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी ४० ते ६० वयाच्या, बैठे काम करणाऱ्या, म्हणजे आपल्या निखिलसारख्याच लोकांना १२ आठवडे हीच २६ आसने करायला लावली. एका गटाची खोली ४०.५ अंशांवर होती आणि दुसऱ्याची २३ अंशांवर. रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे रुंदावण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांना फायदा झाला. त्या फायद्यासाठी उष्णतेची गरज नव्हती, तो आसनांमुळेच मिळाला.

लेले काका (ए-१०४) : मी हेच सांगत होतो. हा आपला योग नाही. सानेबाईंच्या वर्गाची नोटीस लावावी.

पराग, सचिव (सी-२०१) : चर्चा चांगली चालू आहे. वर्गाची माहिती वर जाऊ नये म्हणून पुन्हा देत आहे : रविवार, सकाळी ७, टॉवेल आणि पाणी, नावे उद्या रात्री ८ पर्यंत. सध्या ८ नावे.

शिल्पा (बी-३०२) : पराग, नावे नंतर मोजता येतील. आधी माझे ऐकून घ्यावे, कारण या ग्रुपवर नवशिकी म्हणून अशा खोलीत शिरलेली कदाचित मी एकटीच असेन. आम्ही सिंगापूरला होतो तेव्हा शेजारणीच्या आग्रहाने मी गेले. तेव्हा मी ३८ वर्षांची होते, कोणतेही औषध नव्हते. सकाळी घाईत फक्त अर्धा कप चहा घेतला होता. पहिली दहा मिनिटे ऊब बरी वाटली. समोरचा आरसा हळूहळू धूसर झाला, गुडघ्यावर हात ठेवला की तो सटकू लागला, आणि एका पायावर उभे राहून दुसरा पाय पुढे ताणायचे जे आसन आहे त्याच्या दुसऱ्या फेरीत कानांत गुं असा आवाज सुरू झाला. शिक्षिकेचा आवाज लांबून आल्यासारखा वाटू लागला. मी दाराकडे निघाले, तर तिने सर्वांसमोर सांगितले की खोली सोडायची नाही, हा त्रास म्हणजेच शुद्धी आहे. मी खाली बसले. लाज वाटली म्हणून बसले, हे आज मला कबूल केले पाहिजे. वर्ग संपल्यावर लिफ्टच्या दारात मला उलटी झाली आणि अंगावर काटा येऊन थंडी वाजू लागली. पूर्ण दोन दिवस डोके दुखत होते. जे चालले होते ते योग्य नाही हे शरीराने मला तीनदा सांगितले होते, आणि मी मात्र एका अनोळखी बाईच्या शब्दासाठी बसून राहिले.

मेधा (बी-६०३) : शिल्पा, वाचताना मला आमच्या आईच डोळ्यांसमोर आल्या. त्या कोणाच्याही शब्दाखातर बसून राहतील.

रेवा (सी-८०४) : शिल्पाताई, तुमच्यासोबत जे झाले ते चुकीचेच होते. आमच्या येथे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात की चक्कर आली तर खाली बसा, आडवे व्हा, बाहेर जा. तरीही माझ्याकडून राहून गेलेली एक गोष्ट सांगते. मी हॉट योगा सुरू करण्यापूर्वी दोन वर्षे साधी आसने करत होते. पाठ मोकळी झाल्याचे मी अभिमानाने लिहिले, पण ही दोन वर्षे लिहिली नाहीत. आणि चौथ्या महिन्यात मांडीमागचा स्नायू माझ्याकडूनही दुखावला गेला होता. गरम खोलीत पाय इतका सहज ताणला जातो की आपण कुठवर आलो ते कळत नाही, आणि खरे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना समजते.

शनिवार, सकाळी ७.१०

सानेबाई (ए-३०१) : सर्वांना नमस्कार. काल रात्री मी लवकर झोपते म्हणून आता लिहीत आहे. माझ्या नावाने वाद होऊ नये. लेले भाऊजी, तुमची आपुलकी मला कळते, पण सतरंज्या रिकाम्या राहतात त्याला कमिटी जबाबदार नाही. पहाटे साडेपाचची वेळ नोकरदारांना जमत नाही आणि ती बदलण्याचा विचार मीच कधी केला नाही.

आता मुद्द्याचे. मी लोणावळ्याला कैवल्यधामात शिकले. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी उभारलेली ती संस्था शरीरावर आसनांचा काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासत आली आहे. आम्हाला तेथे सांगितले गेले की आसन स्थिर आणि सुखाचे हवे, आणि श्वास अडखळला की मागे यायचे. नवीन माणसाला स्वतःचा श्वास कुठे अडखळतो हे कळायलाच दोन-तीन महिने लागतात. उष्ण खोलीत श्वास आधीच जलद झालेला असतो, मग तो आसनामुळे जलद झाला की उष्णतेमुळे, हे नवख्याने कसे ओळखावे? माझी खरी काळजी ही आहे. हठयोगप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथातही अभ्यासाच्या सुरुवातीला अग्नीचे सेवन टाळावे असे सांगितले आहे, आणि श्रमाने आलेला घाम अंगावरच चोळून जिरवावा असेही म्हटले आहे. तो घाम श्रमाने आलेला हवा, हीटरने नव्हे. ज्यांचा अभ्यास पक्का आहे अशा रेवासारख्यांनी जरूर करावे. माझा त्याला विरोध नाही.

लेले काका (ए-१०४) : बाई, तुम्ही लिहिलेत म्हणून मी थांबतो. मात्र नोटीस लागली पाहिजे.

पराग, सचिव (सी-२०१) : नोटीस आज दुपारपर्यंत लावतो. सानेबाई, संध्याकाळी साडेसातची वेळ चालेल का, तेही कळवावे. क्लबहाऊस सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी मोकळे असते. मेधाताई, मी वयाची आणि औषधांची चौकशी न करता नावे लिहून घेतली, ही माझी चूक झाली. स्टुडिओला मी आत्ता फोन करून तीन गोष्टी विचारल्या. खोली किती अंशांवर ठेवणार, तर ३८ ते ४०. वर्ग किती वेळाचा, तर नवीन लोकांसाठी ६० मिनिटांचा. मध्येच बाहेर येता येईल का, या प्रश्नावर उत्तर आले की शक्यतो नाही, वर्गाची एकाग्रता मोडते.

डॉ. वैशाली (ए-५०२) : हे तिसरे उत्तर मला अजिबात मान्य नाही. दार उघडे नसेल तर सोसायटीच्या नावाने कोणीही जाऊ नये, असे कमिटीने त्यांना लेखी कळवावे.

बी-६०३, आई : मी मेधाच्या मोबाइलवरून लिहीत आहे. परागला मीच थांबवून नाव दिले होते, त्याच्यावर कोणी रागावू नये. सांधे आखडतात, शेकले की बरे वाटते, म्हणून मला वाटले गरम खोलीत आणखी बरे वाटेल. घरी सांगितले असते तर नको म्हणाले असते, म्हणून सांगितले नाही. शिल्पाचे वाचल्यावर माझे नाव काढावे. सानेबाई, संध्याकाळचा वर्ग झाला तर मला खिडकीजवळची जागा ठेवा आणि खुर्चीवर बसून जे करता येईल तेवढेच सांगा.

सानेबाई (ए-३०१) : साडेसात चालेल. खिडकीजवळची जागा तुमचीच.

निखिल (बी-६०३) : माझे नाव राहू द्यावे. मला एकदा पाहायचे आहे, पण पूर्ण वर्ग करण्याचा हट्ट मी धरणार नाही. पराग, त्यांनी दाराबद्दल लेखी होकार दिला तरच मी येईन आणि दारालगतचीच जागा घेईन. वैशालीताई, आधी काय खावे-प्यावे तेवढे सांगा.

डॉ. वैशाली (ए-५०२) : आज दिवसभर नेहमीपेक्षा जास्त पाणी, रात्री मद्य नाही. उद्या वर्गाच्या दोन तास आधी एखादे केळे किंवा दोन इडल्या, रिकाम्या पोटी जाऊ नकोस. वर्गात घोट घोट पाणी, आणि बाहेर आल्यावर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत. एकदम दोन लिटर साधे पाणी पिऊ नये, त्याने रक्तातील मीठ उतरते. डोके हलके वाटले, मळमळले, अंगावर काटा आला, तर त्याच क्षणी बाहेर. आज तुझा रक्तदाब मोजून घेऊ, सहाला ये.

मेधा (बी-६०३) : सरबताची बाटली घेऊन मी स्वतः दाराबाहेर बसणार आहे.

पराग, सचिव (सी-२०१) : सुधारित माहिती : रविवार, सकाळी ७, टॉवेल आणि पाणी. दार उघडे ठेवण्याचा लेखी होकार मागवला आहे, अजून आलेला नाही. तो येईपर्यंत यादी थांबवली आहे. सध्या ७ नावे.