मदत हवी आहे: टाटा इस्टेटच्या मागच्या दरवाजाचं रबर आणि छताचं कापड (पुणे)

नमस्कार मंडळी. १९९० च्या दशकातली, पिंपरीत बनलेली टाटा इस्टेट (स्टेशन वॅगन गाडी) आहे. मागच्या दरवाजाचं रबर कडक झाल्याने पाणी कार्पेटखाली झिरपतं; दरवाजाची खालची घडी आणि फ्लोअर सडलाय. सडका भाग कापून २० गेज जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा मिग वेल्डिंगने जोडायचा, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि पुट्टी फार तर २-३ मिमी. गंजावर थापलेली पुट्टी पुढच्या पावसाळ्यात फुगतेच, त्यामुळे तसं काम नकोच.

या दरवाजाचं रबर नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात कुणाला मिळालंय का? नसेल तर दुसऱ्या कुठल्या गाडीचं नीट बसतं? छताच्या कापडामागचा फोम भुसभुशीत होऊन सुटलाय. ३ मिमी फोमचं कापड लावायचंय. एप्रिल-मेच्या उन्हातही टिकेल असं चिकटवायचं सोल्युशन कोणतं? जुन्या गाड्यांचं काम मनापासून करणारा कुशनवाला माहीत असेल तर जरूर सांगा.