होडीच्या पंख्याला देवमाशासारख्या गाठी करून मिळतील का? (तातडीने मदत हवी)

हर्णैकर
पंख्याची पाती परत खाल्ली. वर्षात दुसऱ्यांदा. भरून, घासून आणला होता, तीन महिन्यांत टोकांजवळ स्पंजासारखी भोकं. मागची बाजू अशी थरथरते की चहाचा पेला हातात धरूनच प्यावा लागतो. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यावर पाण्यात बुडबुडे होतात आणि फुटताना धातू खातात, ते मला माहीत आहे, समजावू नका. हंपबॅक देवमाशाच्या पुढच्या परांना गाठी असतात, तशी पात्याची पुढची कड नागमोडी केली की त्रास कमी होतो असं व्हिडिओत पाहिलं. असं ओतून कोण देतं? की ग्राइंडरने मीच खाचा मारू? नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात हवी.

भरती_ओहोटी
व्यास? पिच, म्हणजे एका फेरीत पंखा किती पुढे सरकायला हवा ते? पाती किती? इंजिन किती फेऱ्यांवर? खड्डे पात्याच्या कुठल्या बाजूला? आणि ग्राइंडर आधी खाली ठेवा.

पंपवाला
हे कॅव्हिटेशन नाहीच. पंख्याऐवजी स्वतः गंजणाऱ्या जस्ताच्या वड्या शेवटच्या कधी बदलल्या? ब्रॉन्झ गुलाबीसर दिसतंय का बघा. दिसत असेल तर धातूतलं जस्त निघून गेलंय. तीस वर्षं पंप उघडतोय, दहातले सात जण गंजालाच कॅव्हिटेशन म्हणतात.

हर्णैकर
वड्या नव्या आहेत, गुलाबी काही नाही. २८ इंची, तीन पाती. खड्डे होडीकडच्या बाजूला, फक्त टोकांजवळ. ओतून कोण देतं ते सांगा ना.

भरती_ओहोटी
@पंपवाला, गंज सगळीकडे पसरतो. होडीकडची बाजू म्हणजे ओढीची, कमी दाबाची बाजू, आणि खड्डे तिथेच, तेही टोकाला. बुडबुडेच फुटताहेत.

शंखशिंपला
गंमत म्हणजे पिस्तूल कोळंबी हेच बुडबुडे शिकारीला वापरते! नांगी इतक्या जोरात मिटते की बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना भक्ष्य गारद. आणि अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारमाही इथलेच. कुणी पाहिलेत का?

खाडीकाठ
इनबोर्डची, म्हणजे होडीच्या आतल्या इंजिनाची कटकटच नको. दोन आउटबोर्ड लावा, मागे बाहेर टांगायचे. माझ्या मेव्हण्याने लावलेत, खूश आहे.

पंपवाला
ट्रॉलरला आउटबोर्ड? जाळं मेव्हणा ओढणार का?

भरती_ओहोटी
गाठींबद्दल. २००४ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात देवमाशाच्या पराची प्रतिकृती तपासली होती. गाठींमुळे पर सुमारे ४० टक्के जास्त कोनापर्यंत तिरका करता आला, त्यानंतरच हवेचा प्रवाह पराला सोडून सुटला. पण ती हवा होती, तिथे बुडबुडे नसतात. पाण्यात गाठींमधल्या खाचांत दाब जास्त उतरतो, म्हणून बुडबुडे आधी तिथेच धरतात. फायदा असलाच तर ते खाचांपुरते अडकून राहतात, अख्ख्या पात्यावर चादर पसरत नाही. त्यासाठी गाठींची उंची आणि अंतर त्या पात्यासाठी मोजून काढावं लागतं. ग्राइंडरने तिन्ही पाती सारखी होणार नाहीत, थरथर वाढेल. असो, त्रास कधीपासून?

हर्णैकर
इंजिन बदललं तेव्हापासून.

पंपवाला
हे आत्ता सांगताय?!

हर्णैकर
त्यात काय सांगायचं, सगळेच बदलतात. आधी ५५ हॉर्सपॉवर, गिअर ३:१ (इंजिनाच्या तीन फेऱ्यांना पंख्याची एक), इंजिन १८०० फेऱ्या सहज. आता जवळपास दुप्पट ताकद, गिअर २:१, पंखा जुनाच. १५०० च्या वर जात नाही, काळा धूर.

भरती_ओहोटी
मग गणित समोरच आहे. आधी पंखा मिनिटाला ६०० फिरायचा, टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटर. आता ७५०, म्हणजे २८ मीटर. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपटीहून जास्त. ताकद घनाने लागते, म्हणजे दुप्पट. म्हणून इंजिन तिथेच दमतं आणि धूर सोडतं. पिच कमी केलं तर धूर जाईल, पण पंखा ९०० फिरेल आणि टोकं ३३ मीटरने धावतील. गाठी काय करणार?

आजोबा_मुलुंड
१८९४ च्या टर्बिनिया या वाफेच्या टर्बाइनवरच्या बोटीची हीच कथा. एकच पंखा भरधाव फिरला, बोट काही वेग घेईना. शेवटी ती बनवणाऱ्या पार्सन्सने तीन शाफ्टांवर नऊ पंखे बसवले.

हर्णैकर
आजोबा, माझ्याकडे एकच शाफ्ट आहे. जुना ३:१ गिअरबॉक्स शेडमध्ये पडलाय, तोच लावू?

पंपवाला
नको. ५५ चा बॉक्स दुप्पट ताकदीत दात सोडेल. नव्या इंजिनाला पेलणारा ३:१ बघा.

भरती_ओहोटी
एवढं मात्र पंपवाल्यांचं बरोबर. आणि ३:१ वर तोच पंखा लावलात तर वेग पूर्वीचाच मिळेल, जादा ताकद पडून राहील. मोठा किंवा रुंद चार पात्यांचा बसेल का? टोक आणि तळ यांच्यात किती जागा आहे?

हर्णैकर
मोजून सांगतो. होडी वर काढलीय, वर ताडपत्री आहे, पाऊस थांबू दे.