पश्चिमेच्या भिंतीला सावली हवी आहे, कोणती झाडं लावू?

वडगावशेरीकर
आमच्या इमारतीची पश्चिमेची भिंत दुपारी अशी तापते की रात्री जेवणं झाल्यावरही हाताला गरम लागते. त्याच बाजूच्या खोलीत आई झोपते. भिंत आणि कंपाउंडमध्ये पंधरा फुटांची मातीची पट्टी आहे. ड्रेनेजची लाइन कंपाउंडला लागून, आणि अर्ध्या भागावरून विजेच्या तारा. ठेकेदार बॉटल पाम आणि कोनोकार्पस म्हणतोय, काही सभासदांना बहावा हवाय. काय लावावं?

टेकडीवरची मावशी
दादा, पाम नको, त्याची सावली एका खुर्चीपुरती. कोनोकार्पस तर मुळीच नको. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांचा त्रास होतो आणि मुळं पाइपांत शिरतात. तुमची लाइन तर शेजारीच आहे.

झाड निवडताना मी आधी बघते ते ऐन उन्हाळ्यात त्याला पानं किती असतात. बहावा फुलला की जीव हरखतो, पण नेमका तेव्हाच त्याचा पाला गळालेला असतो. वेताळ टेकडीवर मार्चमध्ये जाऊन बघा, गिरिपुष्पाच्या नुसत्या काटक्या उभ्या असतात आणि ऊन थेट जमिनीवर. करंज मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतो आणि लगेच पोपटी पालवीने भरतो, मेमध्ये गर्द. आमच्या कोपऱ्यावरच्या करंजाखाली पंक्चरवाला भर दुपारी काम करत बसतो, ट्यूब बुडवायच्या त्याच्या घमेल्यात करंजाची फुलं तरंगत असतात. पानांवर पांढरे चट्टे दिसले तर घाबरू नका, झाडाला काही होत नाही.

झाड नुसतं ऊन अडवत नाही. पानांतून पाण्याची वाफ होते, तीही भोवतालची उष्णता ओढून घेते. म्हणून ताडपत्रीखाली घाम येतो आणि करंजाखाली बरं वाटतं.

तारांखाली बकुळ लावा. बारमाही हिरवी, सावकाश वाढते, छाटणीही सोसते. वड-पिंपळ माझे फार लाडके, पण पंधरा फुटांत नकोत.

कोथरूडचा माळी
मावशींशी सहमत. खड्डे आत्ताच घेऊन ठेवा, तीन फूट लांब-रुंद-खोल. रोप डोक्याइतकं उंच घ्या, लावताना पिशवी पूर्ण काढा. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका, पाणी मुरायलाच जागा राहत नाही. पावसाळा संपला की पाणी घालणारा माणूस ठरलेला हवा, निदान पहिले दोन-तीन उन्हाळे.

वडगावशेरीकर
मनापासून आभार. सेक्रेटरींचं म्हणणं, पाचोळा फार होईल. नकोसं झालं तर पुढे काढून टाकता येईल का?

टेकडीवरची मावशी
तसं काढता येत नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, म्हणून तर आत्ता नीट निवडायचं. पाचोळा मुख्यतः पानगळीत पडतो, तो बुंध्याशी पसरा. माती ओली राहते, पाणी कमी लागतं. कृपा करून जाळू नका.

पहिला करंज आईंच्या खिडकीसमोर लावा. तो वाढेपर्यंत खिडकीला बांबूची चिक लावा, पण बाहेरून. ऊन काचेच्या आत आलं की मग पडदा ओढून फारसा उपयोग होत नाही.