डॉन आर्डेन खरंच इतका निर्दयी होता का?

ब्लॅक सॅबथ हा ब्रिटिश हेवी मेटल बँड ऐकतच मोठा झालो. परवा त्यांच्या या मॅनेजरबद्दल वाचलं आणि झोपच उडाली. बँड चालवायला एवढी दहशत लागते?

↳ किस्सा सॅबथच्या आधीचा, १९६०च्या दशकातला. आपल्या हाताखालच्या स्मॉल फेसेस या बँडला फोडायला बघतो म्हणून आर्डेन गुंड घेऊन रॉबर्ट स्टिगवुड या दुसऱ्या मॅनेजरच्या ऑफिसात घुसला, त्याला उचलून बाल्कनीबाहेर धरलं. स्वतःच अभिमानाने सांगायचा!

↳ पोटच्या पोरीलाही सोडलं नाही. लेक शॅरनने सॅबथचा आधीचा गायक ऑझी ऑस्बॉर्नचं मॅनेजरचं काम बापाकडून आपल्याकडे घेतलं, १९८२मध्ये त्याच्याशी लग्न केलं. बाप-लेकीत कोर्टकचेऱ्या, मग जवळपास वीस वर्षं अबोला.

↳ (प्रश्नकर्ता) वीस वर्षं! बाल्कनीपेक्षा हेच जास्त लागलं मनाला. बँडच्या पैशासाठी भांडणारा माणूस हवाच, पण पोरीशी असं?