बासरीच्या सुरात हवा मिसळते, तेव्हा तुम्ही काय केले?

बासरी शिकू लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो की, सूर तर लागतो, मग त्याच्याबरोबर ही फसफस कुठून येते? ज्यांनी हा दोष स्वतःच्या वादनातून कमी केला आहे किंवा जे अजून त्याच्याशी झगडत आहेत, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत. नेमके कारण कसे सापडले, ते आवर्जून लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करतो.

मी सफेद तीनची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची), सुमारे तीस इंच लांबीची बासरी घेतली तेव्हा मंद्र पंचमावर, म्हणजे सहाही रंध्रे झाकून वाजणाऱ्या खालच्या सप्तकातील पंचमावर, सुरापेक्षा वाराच अधिक ऐकू येत असे, आणि उपाय म्हणून मी अधिक जोराने फुंकत असे. तो उपाय चुकीचा होता. फुंकेचा झोत मुखरंध्राच्या समोरच्या कडेवर आदळून आळीपाळीने आत आणि बाहेर वळतो, त्यातून नळीतील हवा कंप पावते. झोताचा जो भाग या खेळात सामील होत नाही, तो नुसती खरखर करतो. माझ्या ओठांची फट रुंद होती, त्यामुळे झोत पसरट होऊन निम्मा वाया जात होता. गुरुजींनी मला आरशासमोर बसवले आणि फुंक तेवढीच ठेवून फट तांदळाच्या दाण्याएवढी करण्यास सांगितले. ओठांचे कोपरे स्थिर, मधला भाग सैल आणि गाल न फुगवता, असा रोज वीस मिनिटे तानपुऱ्यावर केवळ मध्य षड्ज धरला. तो स्वच्छ झाल्यावरच एकेक बोट वाढवत निषाद, धैवत आणि पंचमाकडे उतरलो. सूर्यप्रकाश भिंगाखाली एकवटावा तसा आवाज एकवटू लागायला मला साधारण चार महिने लागले.

नाशिकहून, सहा वर्षे शिकणारी

माझे कारण ओठांत नव्हते, हे कळायला मला वर्ष लागले. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी ख्यालाला साजेशा गंभीर स्वरासाठी लांब बासरी रूढ केली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण लहान हाताच्या माणसाला तिची रंध्रे झाकणे किती अवघड जाते, हे हातात घेतल्यावरच समजते. माझे षड्ज, निषाद आणि धैवत स्वच्छ येत आणि पंचमावर मात्र सूर फुटून त्यात हवा शिरे. दोष सहाव्या रंध्रावरील बोटाचा असावा, असे मी धरून चालले होते. एकदा वाजवून होताच बोटांवर उमटलेले वळ पाहिले, तेव्हा उजव्या अनामिकेवरचे वर्तुळ पूर्ण होते आणि डाव्या अनामिकेवरचे अर्धवट. खालचे रंध्र गाठण्यासाठी उजवा हात ताणला की वरच्या हाताचे तिसरे बोट केसभर उचलले जात होते. त्यानंतर मी टोकांऐवजी पेरांचा मऊ, सपाट भाग वापरू लागले, उजवे मनगट किंचित खाली घेतले आणि सहा महिने लहान बासरीवर परत गेले. मागे जाण्याचे वाईट वाटले होते, पण त्याने बोटांतला ताण गेला आणि ताण गेल्यावर गळतीही गेली.

न्यू जर्सीहून

वरील दोन्ही गोष्टी तपासूनही फरक पडत नसेल, तर कृपया बासरीकडे पाहा. इथल्या हिवाळ्यात घरातील हीटरमुळे हवा फार कोरडी होते आणि बांबू चिरतो. माझी चीर मुखरंध्राजवळ दोऱ्याच्या गुंडाळीखाली असल्याने दिसत नव्हती. मी दोन महिने स्वतःच्या फुंकेला दोष देत राहिलो. मित्राची बासरी ओठांना लावली आणि पहिल्याच फुंकेत मोकळा सूर आला, तेव्हा उलगडा झाला. चीर भरून नवा दोरा आवळून बांधल्यावर बासरी पूर्ववत झाली. वरच्या टोकाचे बूच सैल झाल्यासही हवा निसटते, तेही पाहून घ्यावे.

पाश्चात्त्य फ्लूट वाजवणारा, पणजी

माझे वाद्य धातूचे असल्याने मला एक सोय मिळाली, ती सांगतो. वाजवताना मुखरंध्रापलीकडे श्वासाची वाफ जमते आणि झोत नीट असेल, तर ती लहान त्रिकोणासारखी दिसते. माझा त्रिकोण सतत डावीकडे सरकलेला असे. माझ्या वरच्या ओठाला मध्यभागी टोक आहे, ते झोताचे दोन भाग करते, म्हणून माझी फट आपोआप बाजूला तयार झाली होती. शिक्षकांनी ती मध्यभागी आणण्याचा आग्रह सोडला आणि वाद्यच त्या फटीसमोर सरकवले, त्या दिवसापासून स्वर भरीव झाला. बांबूवर वाफ इतकी स्पष्ट दिसणार नाही, पण ज्यांच्या ओठांची ठेवण अशी आहे, त्यांनी बासरी दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकवून अवश्य पाहावी.

पुण्याहून

एक लहानशी भर घालते. वादकाचा कान मुखरंध्रापासून वीतभर अंतरावर असतो, त्यामुळे त्याला हवा नेहमीच जास्त ऐकू येते. मी मोबाइल आधी शेजारी आणि नंतर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून तोच आलाप ध्वनिमुद्रित केला. दूरच्या ध्वनिमुद्रणात तार सप्तक निर्दोष होते, मंद्र मात्र तिथेही पोकळ होते. म्हणजे मेहनत कुठे करायची, ते ठरले. बांबूच्या सुरात श्वासाची थोडी जाग राहणारच आणि मला ती प्रिय आहे, परंतु त्या सबबीखाली पोकळ पंचम खपवून घेणे मला मान्य नाही.

कोल्हापूरहून, वय ६८

सगळ्यांचे अनुभव दोनदा वाचले. माझे पुढचे दोन दात गेल्या वर्षी काढावे लागले आणि कवळी बसल्यापासून वरच्या ओठाचा आधारच बदलला आहे. तीस वर्षे जो षड्ज डोळे मिटून लागत असे, त्यात आता वारा येतो. बासरी किंचित बाहेर फिरवली की मध्य सप्तक सुधारते, पण मंद्र धैवताखाली सूर टिकत नाही. रोज सकाळी अर्धा तास बसतो आहे. कवळीसह वाजवणारे कोणी असल्यास त्यांनी बासरी ओठांवर कुठे टेकवली, हे कृपया लिहावे.